ऑल-इन-वन संगणकातली बिघडलेली डिस्क बदलताना

ऑल-इन-वनमध्ये, म्हणजे पडद्यातच सगळे भाग बसवलेल्या संगणकात, डिस्क बदलणं म्हणजे चार स्क्रू आणि एक-दोन केबल. तिथवर पोहोचणं आणि सगळं होतं तसं परत बसवणं, यातच खरं काम आहे. टॉवर कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं की डिस्क समोर दिसते. इथे ती पडद्याच्या मागे, स्पीकर आणि पंख्याच्या शेजारी दडलेली असते. घाईत उघडायला गेलात तर डिस्कपेक्षा कितीतरी महाग असलेला पडदा तडकतो किंवा त्याची नाजूक केबल तुटते. म्हणून अर्ध्याहून जास्त तयारी स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी करायची आहे. खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

१. गेलीय ती डिस्कच का, याची खात्री करा

संगणक सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागणं, फाइल उघडताना सगळं गोठणं, आतून ठरावीक लयीत टकटक आवाज येणं, काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश येणं, मॅकवर प्रश्नचिन्ह असलेला फोल्डर लुकलुकणं: ही सगळी डिस्क गेल्याची लक्षणं आहेत. पण टकटक सोडली तर बाकीची लक्षणं बिघडलेल्या सिस्टिममुळे किंवा सैल केबलमुळेही दिसतात.

पहिली तपासणी बायॉसमध्ये (सिस्टिमच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) करा. संगणक सुरू करताच डेल आणि एसरमध्ये सहसा एफ२, एचपीमध्ये एफ१०, लेनोवोमध्ये एफ१ किंवा एफ२ दाबत राहा. तिथे डिस्कचं नाव आणि आकार दिसतोय का ते बघा. दिसतच नसेल तर डिस्क मेली आहे किंवा केबल निघाली आहे. दिसत असेल तर तिची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच ठेवते ती आपल्या तब्येतीची नोंद) वाचा. विंडोज चालू होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पुरतं. होत नसेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच सिस्टिम चालते असा) लावून जीस्मार्टकंट्रोल चालवा. हार्ड डिस्कच्या या चार ओळी महत्त्वाच्या:

क्रमांक ५ (क्रिस्टलडिस्कइन्फोत ०५): खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे).
क्रमांक १९७ (सी५): वाचता न आल्याने अडकून पडलेले सेक्टर.
क्रमांक १९८ (सी६): दुरुस्त न होणारे सेक्टर.
क्रमांक १९९ (सी७): डेटा केबलवरच्या चुका.

१९७ आणि १९८ शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर डिस्क बदलायचीच. फक्त १९९ वाढत असेल आणि बाकीच्या ओळी शून्य असतील तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो, नवी डिस्क घेऊन काही होणार नाही. एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते: क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतं, म्हणजे तिथे १० दिसलं तर खरा आकडा १६ असतो. सेटिंगमधून तो दशमान करता येतो.

खात्रीचा आणखी एक उपाय म्हणजे बाहेरच्या यूएसबी डिस्कवरून संगणक चालवून बघणं. तसा तो नीट चालला तर बोर्ड आणि रॅम ठीक आहेत. मात्र मरायला टेकलेली डिस्क आत जोडलेली असताना बाहेरून चालवलेली सिस्टिमही अडखळते, कारण सिस्टिम तिला पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते. त्यामुळे बाहेरून संथ चालला म्हणून लगेच बोर्डवर खापर फोडू नका.

२. डेटा हवा असेल तर आधी तो बाहेर काढा

बॅकअप असेल तर ही पायरी सोडून पुढे जा. नसेल तर इथे घालवलेला वेळ सर्वात मोलाचा आहे.

बिघडत चाललेल्या डिस्कवर चेकडिस्क, फर्स्ट एड किंवा कुठलंही दुरुस्तीचं साधन चालवू नका. ही साधनं फाइल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी डिस्कवर लिहितात आणि अर्धवट वाचलेल्या नोंदी कापून टाकतात, शिवाय तासन्‌तास डिस्क पळवतात. डिस्कमध्ये उरलेली धुगधुगी कॉपी करण्यासाठी वापरायची आहे, दुरुस्तीसाठी नाही.

डिस्क दिसत असेल आणि आवाज करत नसेल तर सर्वात गरजेचे फोल्डर आधी उचला: कागदपत्रं, फोटो, हिशेब. पूर्ण डिस्क उतरवायची असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवतं आणि हट्टी सेक्टर शेवटी हाताळतं. त्याला मॅप फाइल द्यायला विसरू नका. ती असली की मध्येच वीज गेली तरी काम थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं. ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. आज्ञा लिहिताना आधी जुनी डिस्क, मग नवी. हा क्रम उलटला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते, म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे आकार आणि नावं पुन्हा वाचा.

टकटक आवाज येत असेल तर लगेच वीज बंद करा. वाचणारं हेड पृष्ठभागावर घासत असू शकतं आणि चालू असलेल्या प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतं. डेटा मोलाचा असेल तर अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या. फ्रीझरमध्ये ठेवणं, ठोकून बघणं, झाकण उघडून आत डोकावणं, यातलं काहीही करू नका.

तीन गोष्टी आधी बघून ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, आत्ताच लिहून घ्या. इंटेल ऑप्टेन मेमरी (हार्ड डिस्कचा वेग वाढवायला जोडलेली छोटी पट्टी) असेल आणि विंडोज अजून चालत असेल तर डिस्क काढण्याआधी ऑप्टेनची जोडी सोडवा. आणि मॅकमध्ये फ्यूजन ड्राइव्ह असेल तर लक्षात घ्या की डेटा हार्ड डिस्क आणि लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली चिपची डिस्क) या दोन्हींवर मिळून विभागलेला असतो. त्यातली एक गेली की दुसरीवर उरलेल्या तुकड्यांचा एकटा उपयोग होत नाही.

३. तुमचं यंत्र नेमकं कोणतं ते ओळखा

बाहेरून सारखी दिसणारी दोन यंत्रं आतून पूर्ण वेगळी असतात. पाठीवरच्या किंवा स्टँडखालच्या लेबलवरून पूर्ण मॉडेल क्रमांक उतरवा. डेलचा सर्व्हिस टॅग सात अक्षरांचा असतो. आयमॅकचा सिरियल क्रमांक स्टँडच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. त्या क्रमांकावरून कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल शोधा. डेल, एचपी आणि लेनोवो त्यांच्या बऱ्याच मॉडेलांची मॅन्युअल मोफत देतात आणि कुठला स्क्रू कुठे, हे त्यात चित्रांसकट असतं. नुसतं मालिकेचं नाव टाकून सापडलेल्या व्हिडिओवर विसंबू नका, कारण त्याच नावाची पुढची आवृत्ती कधीकधी उलट बाजूने उघडते.

आयमॅकचं वर्गीकरण असं करता येतं:

२००७ ते २०११ (ॲल्युमिनियमचे जाड आयमॅक): पुढची काच चुंबकांनी चिकटलेली असते, आत पडदा टॉर्क्स (चांदणीच्या खाचेच्या) स्क्रूंनी बसवलेला. डिस्क ३.५ इंची.
२०१२ अखेर ते २०१९ (कडा पातळ असलेले): पडदा काचेसकट चिकटपट्टीने बसवलेला. २१.५ इंची मॉडेलमध्ये डिस्क २.५ इंची, २७ इंचीमध्ये ३.५ इंची.
२०१७ चा आयमॅक प्रो, २०२० चा २७ इंची आणि २०२१ पासूनचे २४ इंची: यात साठवण बदलण्याच्या भानगडीत पडू नका. २०२० च्या २७ इंचीत आणि २४ इंचीत ती थेट बोर्डवर झाळलेली (सोल्डर केलेली) आहे, आयमॅक प्रोमध्ये ती सुरक्षा चिपशी बांधलेली आहे. इथे बाहेरची जलद एसएसडी जोडून काम चालवणं हाच व्यवहार्य मार्ग.

विंडोजवाल्या ऑल-इन-वनमध्ये बहुतेकदा पाठीचं झाकण निघतं आणि खाली २.५ इंची किंवा ३.५ इंची साटा (नेहमीच्या जोडणीची) डिस्क एका छोट्या ट्रेमध्ये असते. नव्या मॉडेलांत एम.२ एसएसडी (थेट बोर्डच्या खाचेत बसणारी पट्टी) असते, तर मधल्या काळातल्या बऱ्याच मॉडेलांत दोन्हींची सोय असते. मॅन्युअलमध्ये एम.२ खाच रिकामी असल्याचं दिसलं तर तिचा विचार जरूर करा, मग जुन्या डिस्कच्या जागेला हातही लावावा लागणार नाही. फक्त मेलेल्या डिस्कची केबल काढून ठेवा.

४. नवी डिस्क निवडा

एवढं उघडणारच आहात तर पुन्हा फिरती हार्ड डिस्क बसवण्यात अर्थ नाही. एसएसडीच घ्या. साटा ३ ची कमाल मर्यादा ६ गिगाबिट प्रति सेकंद आहे, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ५५० एमबी प्रति सेकंद. जुन्या यंत्रात साटा २ असेल तर याच्या निम्म्यावर येते. तरीही हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक डोळ्यांना दिसतो, कारण खरा फायदा बारीक बारीक फाइली पटकन सापडण्यात आहे.

आकार तपासा. साटा एसएसडी २.५ इंची आणि सहसा ७ मिलिमीटर जाड असते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर सैलपणा घालवायला पातळ कड लागते, ती बऱ्याचदा एसएसडीच्या खोक्यातच मिळते. ३.५ इंची जागेत बसवायला अडॅप्टर ब्रॅकेट घ्या. जागेत केबल असेल तर कुठलाही ब्रॅकेट चालतो. कनेक्टर बोर्डवरच पक्का बसवलेला असेल आणि डिस्क सरकवून लावायची असेल तर मात्र ब्रॅकेटवर कनेक्टर ३.५ इंची डिस्कच्या नेमक्या जागी आला पाहिजे. असे ब्रॅकेट वेगळे मिळतात, चित्र बघून घ्या. उलटा प्रयोग, म्हणजे २.५ इंची जागेच्या केबलला ३.५ इंची डिस्क लावणं, करू नका. मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि लहान जागेच्या केबलमध्ये बहुधा फक्त ५ व्होल्ट असतात.

एम.२ घेताना फसगत जास्त होते. एकाच आकाराच्या पट्टीत दोन जाती असतात: साटा आणि एनव्हीएमई. काही खाचा दोन्ही स्वीकारतात, काही फक्त एकच. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेच घ्या. लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. २२४२ किंवा २२३० च्या जागी ती मावणार नाही. वर उंच हीटसिंक असलेली एसएसडी ऑल-इन-वनमध्ये घेऊ नका, झाकण बसत नाही. आयमॅकमधल्या पट्टीच्या एसएसडीचा कनेक्टर ॲपलचा स्वतःचा आहे आणि ती मदरबोर्डच्या मागच्या बाजूला असते, म्हणजे पूर्ण बोर्ड बाहेर काढावा लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याने साटा डिस्कच बदलावी, पट्टीच्या वाटेला जाऊ नये.

५. साहित्य आणि कागद जमवा

– फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पीएच० आणि पीएच१, टॉर्क्स टी८ आणि टी१०, टोकाला हलकं चुंबक असलेले
– प्लास्टिकची पातळ पाती आणि तीन-चार जुनी प्लास्टिक कार्डं (धातूची पट्टी नको)
– चिमटा, स्थिर वीज उतरवणारा मनगटी पट्टा
– २०११ पर्यंतच्या आयमॅकसाठी दोन सक्शन कप
– २०१२ नंतरच्या आयमॅकसाठी चाकाचं कापणी साधन, त्याच मॉडेलचा चिकटपट्टी संच आणि यंत्राला टेकण देणारी पुठ्ठ्याची पाचर
– ९० टक्के किंवा जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, लव न सोडणारं कापड
– यूएसबी ते साटा केबल
– सिस्टिमचा पेनड्राइव्ह: विंडोजसाठी किमान ८ जीबी, मॅकओएससाठी १६ जीबी किंवा जास्त
– स्क्रू ठेवायला कप्प्यांची डबी, यंत्र पालथं घालायला जाड मऊ टॉवेल

कागदांत यंत्राची खरेदी पावती आणि हमीची मुदत, बिटलॉकर की किंवा मॅकवरच्या फाइलव्हॉल्ट एन्क्रिप्शनचा पासवर्ड, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड, आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक. काही महागडी सॉफ्टवेअर ठरावीक संख्येच्या यंत्रांवरच चालतात. जुनी सिस्टिम अजून उघडत असेल तर त्यांची नोंदणी आधी रद्द करून घ्या. यंत्र हमीत असेल तर पुढे वाचू नका, कंपनीकडूनच बदलून घ्या.

पेनड्राइव्ह दुसऱ्या चालू संगणकावर तयार करा आणि हे यंत्र त्यावरून सुरू होतं का, हे उघडण्याआधीच तपासा. सगळं उघडून ठेवल्यावर पेनड्राइव्ह बिघडलेला निघाला की लोक घाईत चुका करतात.

६. यंत्र उघडा

वीज बंद करून केबल काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला भार उतरतो. आयमॅकमध्ये वीज पुरवठ्याचा बोर्ड उघडाच असतो आणि त्याचे कपॅसिटर काही काळ भारित राहतात. त्या बोर्डच्या मागच्या टोकदार भागाला बोट लागू देऊ नका.

पाठीचं झाकण निघणारी यंत्रं. पडदा टॉवेलवर पालथा घाला. आधी स्टँड काढा, त्याचे स्क्रू बहुतेकदा एका प्लास्टिक टोपणाखाली लपलेले असतात. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तीही आधी बाहेर काढा. ती झाकणातून आरपार गेलेली असते आणि ती राहिली की झाकण एका बाजूने अडकतं, मग माणूस जोर लावतो आणि क्लिपा तुटतात. रबरी पायांखाली आणि लेबलखाली स्क्रू आहेत का, हे बोटाने दाबून बघा. पाती खालच्या कडेला, पोर्टांजवळच्या फटीत सरकवा आणि थोडं थोडं सरकत कडेने फिरा. प्रत्येक क्लिप सुटताना टक आवाज येतो. आवाज न येता झाकण वाकत असेल तर थांबा, कुठेतरी स्क्रू राहिलाय. झाकण सुटलं तरी झटकन उचलू नका, आत स्पीकरची किंवा बटणाची बारीक केबल जोडलेली असू शकते.

२००९ ते २०११ चे आयमॅक. यंत्र पाठीवर आडवं ठेवून दोन सक्शन कप काचेच्या वरच्या दोन कोपऱ्यांत लावा आणि काच सरळ वर उचला. ती फक्त चुंबकांवर असते. खाली पडद्याच्या दोन्ही उभ्या कडांना टी१० स्क्रू दिसतील. तेच चुंबक हे स्क्रू खेचून घेतात, म्हणून बाहेर येणारा प्रत्येक स्क्रू चिमट्यात पकडा. मग पडद्याची वरची कड काही सेंटिमीटर उचला, पूर्ण नाही. आत चिमुकल्या केबल आहेत: डिस्प्लेची, बॅकलाइटची, तापमान सेन्सरची, २७ इंचीत आणखी एक. एकाने पडदा धरायचा आणि दुसऱ्याने केबल सोडवायच्या. एकट्याने करायचं काम नव्हे. काढलेली काच मऊ कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, आतल्या बाजूला बोटं लावू नका.

२०१२ अखेरीनंतरचे आयमॅक. इथे सर्वात जास्त पडदे फुटतात. पाचर लावून यंत्र उभं ठेवा. चाकाचं साधन पडदा आणि ॲल्युमिनियमच्या फटीत डावीकडे, पॉवर बटणाच्या बाजूने घाला आणि वरच्या दिशेने पुढे-मागे फिरवत जा. तिथून वरची कड आणि मग उजवी बाजू. आत जाण्याची मर्यादा साधारण ९ मिलिमीटर, साधनाचा मधला भाग त्यापुढे जाऊच देत नाही. म्हणून चाकू किंवा पाती वापरून खोल कापू नका. वरच्या कडेला मध्यभागी कॅमेरा आणि मायक्रोफोन आहेत, तिथे विशेष हलका हात ठेवा. खालच्या कडेला कापायचं नाही.

फेरी झाली तरी चिकटपट्टीचा फोम थोडा धरून ठेवतोच, विशेषतः वरच्या कोपऱ्यांत. तिथे प्लास्टिक कार्ड फटीत घालून आडवं सरकवा आणि पडदा सुटेपर्यंत पिळू नका. काच वाकतेय असं वाटलं की कार्ड काढा आणि चाक पुन्हा फिरवा. पडदा मोकळा झाल्यावर वरची कड थोडीशीच पुढे झुकवा, कारण खाली दोन आखूड केबल आहेत: वीज आणि डिस्प्ले डेटा. डेटा केबलच्या कनेक्टरवर धातूची छोटी कडी असते. ती आधी उलटवा, मग कनेक्टर सरळ ओढा. वेड्यावाकड्या ओढीने बोर्डवरची सॉकेट निघाली तर ती परत झाळण्याचं काम घरी होत नाही. केबल सुटल्या की पडदा जवळजवळ उभा करा आणि खालच्या चिकटपट्ट्या चिमट्याने धरून हळूहळू बाहेर ओढा. त्यानंतरच पडदा वेगळा होतो.

७. डिस्क बदला

हात लावण्याआधी फोटो काढा: कुठली केबल कुठून जाते, ब्रॅकेटची दिशा कुठली, रबरी बुशिंग कशा बसल्या आहेत. मनगटी पट्टा लावा किंवा निदान चेसिसच्या धातूला हात लावून स्थिर वीज उतरवा.

साटा कनेक्टर केबलला धरून नव्हे, प्लास्टिकच्या भागाला धरून सरळ ओढा. ट्रे सरकवून काढायचा असेल तर कनेक्टरपासून दूर सरकवून मग उचला. जुन्या डिस्कवरचे स्क्रू, खुंट्या आणि रबर नव्या डिस्कवर लावा. इथे एक बारीक पण महत्त्वाची बाब: ३.५ इंची हार्ड डिस्कचे स्क्रू जाड पिळाचे असतात आणि २.५ इंची एसएसडीला एम३ लागतात. जुने स्क्रू बळेच फिरवले तर एसएसडीचा पीळ जातो. म्हणून ब्रॅकेटसोबत आलेले स्क्रू वापरा. एम.२ पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात खाचेत पूर्ण घाला, मग खाली दाबून स्क्रू लावा. सोनेरी टोकं बाहेर दिसत असतील तर ती पूर्ण बसलेली नाही.

जुन्या आयमॅकमध्ये तापमान सेन्सरचा प्रश्न आहे, आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. २००९ च्या सुरुवातीपर्यंतच्या मॉडेलांत सेन्सर डिस्कच्या अंगावर चिकटवलेला असतो, तो काढून नव्या डिस्कवर चिकटवायचा. २००९ अखेर आणि २०१० मध्ये सेन्सरची केबल थेट डिस्कच्या पिनांना जोडलेली असते, आणि त्या पिना डिस्कच्या कंपनीनुसार बदलतात. २०११ मध्ये सेन्सरची खूण वीज केबलमधूनच जाते. तुमच्या नव्या एसएसडीकडे ही सोय नसते, मग यंत्राला तापमान कळत नाही आणि ते खबरदारी म्हणून डिस्कचा पंखा पूर्ण वेगात फिरवतं. उपाय दोन: या मॉडेलांसाठी मिळणारी सेन्सर असलेली केबल आधीच मागवणं, किंवा पंखा नियंत्रित करणारं सॉफ्टवेअर वापरणं. केबल बरी, कारण सॉफ्टवेअर सिस्टिम सुरू झाल्यावरच काम करतं. २०१२ नंतर बहुतेक वेळा वेगळा सेन्सर लागत नाही.

८. बंद करण्याआधी चालवून बघा

चिकटपट्टी लावण्याची घाई करू नका. पडदा जागेवर टेकवून कागदी टेपच्या चार पट्ट्यांनी धरा, दोन्ही केबल लावा आणि सुरू करा. विंडोज यंत्रात झाकण न लावता नुसतं टेकवून चालतं. बायॉसमध्ये डिस्क पूर्ण आकाराची दिसते का, पंखा शांत आहे का, कॅमेरा आणि स्पीकर चालतात का, हे बघा. सिस्टिमसुद्धा याच अवस्थेत टाका आणि तासभर चालू द्या. डिस्क दिसली नाही तर प्रथम केबल काढून पुन्हा बसवा. दहातल्या बऱ्याच वेळी तेवढंच असतं.

९. सिस्टिम टाका

विंडोज. पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्कची यादी रिकामी आली तर घाबरू नका: नव्या इंटेल यंत्रांत व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळण्याची पद्धत) चालू असेल तर इन्स्टॉलरला त्याचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर द्यावा लागतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा आणि लोड ड्रायव्हरमधून दाखवा. वायफायचा ड्रायव्हरही सोबत ठेवा, किंवा लॅन केबल लावा, कारण विंडोज ११ होमच्या सुरुवातीच्या सेटअपला इंटरनेट लागतं. परवान्याची चिंता नको: तो मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय होतो. होमऐवजी प्रो टाकलंत तर मात्र होणार नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्रात टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर असेल तर ११ टाका. बिघडलेल्या डिस्कची क्लोन प्रत नव्यावर उतरवून चालवण्यापेक्षा नवी सिस्टिम आणि जुन्या फाइली हा मार्ग चांगला, कारण क्लोनसोबत तुटलेल्या सिस्टिम फाइलीही येतात.

मॅक. डिस्क गेली की तिच्यावरचं रिकव्हरी विभाजनही जातं. त्यामुळे ऑप्शन, कमांड आणि आर दाबून इंटरनेट रिकव्हरी वापरा, किंवा पेनड्राइव्ह लावून ऑप्शन दाबून सुरू करा. डिस्क युटिलिटी उघडल्यावर नवी डिस्क न दिसणं ही नेहमीची तक्रार. व्ह्यू मेन्यूतून सर्व उपकरणं दाखवा हा पर्याय निवडा, सर्वात वरची ओळ म्हणजे उपकरण निवडा, मग जीयूआयडी मांडणी आणि एपीएफएस (ॲपलची फाइल सिस्टिम) प्रकार देऊन मिटवा. जुन्या मॅकओएसला एपीएफएस कळत नसेल तर मॅकओएस एक्स्टेंडेड निवडा. फ्यूजनमधली पट्टी अजून जिवंत असेल तर ती वेगळी दिसेल. नवी एसएसडी असताना पुन्हा फ्यूजन जोडू नका, दोन वेगळ्या डिस्क म्हणून वापरा, म्हणजे पुढे एक गेली तरी दुसरी वाचेल. बाहेरच्या कंपनीची साटा एसएसडी असेल तर ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी सोय) आपोआप चालू होत नाही. टर्मिनलमधून ट्रिमफोर्स चालू करा.

इन्स्टॉलर खराब आहे असा संदेश आला तर आधी तारीख बघा. बोर्डवरची नाणेरी बॅटरी संपलेली असते आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तारीख बरोबर केली की बऱ्याचदा काम होतं. यंत्र उघडलेलंच आहे तर ही बॅटरी हातासरशी बदलून टाका, जिथे ती सहज पोहोचण्यासारखी असेल तिथे.

१०. पडदा चिकटवा, झाकण लावा

केबल पुन्हा सोडवा. जुन्या चिकटपट्टीचे अवशेष चेसिस आणि पडदा दोन्हींवरून काढा, अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तेलकट बोट लागलेल्या जागी नवी पट्टी धरत नाही. संचातल्या पट्ट्यांवर क्रमांक असतात, त्याच क्रमाने लावा. खालच्या पट्ट्यांचं वरचं आवरण तसंच ठेवून पडदा टेकवा, दोन्ही केबल जोडा, आणखी एकदा सुरू करून बघा, मग बंद करून बाकीची आवरणं काढा आणि पडदा वर लावा. दाब फक्त कडेवर द्या, मध्यभागी नाही.

जुन्या काचेच्या आयमॅकमध्ये काच लावण्याआधी पडदा तिरप्या उजेडात बघा. धुळीचा एक कण आत राहिला तरी रोज डोळ्यांत खुपतो. कापडाने पुसण्यापेक्षा हवेच्या फुग्याने उडवा.

झाकण असलेल्या यंत्रांत क्लिपा एका कोपऱ्यातून सुरू करून क्रमाने दाबा आणि शेवटी स्टँड लावा. एखादा स्क्रू उरला तर फोटो बघा. वरवर निरुपयोगी वाटणारा स्क्रू बऱ्याचदा बोर्डचं अर्थिंग करणारा असतो.

११. पहिल्या आठवड्यात

स्मार्ट नोंद एकदा वाचून ठेवा. १९९ हा आकडा वाढत असेल तर आतली केबल नीट बसलेली नाही. बॅकअप पहिल्याच दिवशी सुरू करा: मॅकवर टाइम मशीन, विंडोजवर फाइल हिस्टरी, आणि प्रत घराबाहेर असेल तर उत्तम. जुनी डिस्क डेटा पूर्ण हाती लागेपर्यंत फेकू नका. नंतर चालत असेल तर पूर्ण पुसून टाका. चालत नसेल तर टॉर्क्सने उघडून आतल्या चकत्या ओरखडून आणि वाकवून मगच ई-कचऱ्यात द्या. काही चकत्या काचेच्या असतात, डोळ्यांवर चष्मा लावून करा. एसएसडी असेल तर मेमरीची चिप फोडावी लागते, नुसतं कवच तोडून डेटा जात नाही.